कपाळावरची नागीण आणि ३५ गोळ्या : विदर्भातील आरोग्य अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
जिल्हा आरोग्य अधिकारी व जिल्हा शल्यचिकित्सक,
विदर्भातील अकराही जिल्हे

विषय : चेहऱ्यावरील नागीण, तिच्यामागे राहणारी डोकेदुखी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतील औषधसाठा

महोदय / महोदया,

सादर नमस्कार.

कपाळाच्या एकाच बाजूला आग होते आणि ती महिनोन्‌महिने थांबत नाही. पदराची किनार लागली तरी चटका बसतो, म्हणून बाई डोक्यावरून पदर घेत नाही. मे महिन्यात दुपट्टा बांधल्याशिवाय वावरात जाता येत नाही आणि दुपट्टा कपाळाला सोसत नाही, म्हणून गडी घरी बसतो. अशा रुग्णाची कागदांची पिशवी उघडली की चष्म्याचे दोन वेगवेगळे नंबर निघतात, सायनसचा एक्स-रे निघतो, नागपूरला काढलेला आणि नॉर्मल आलेला सीटी स्कॅन निघतो, डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या चिठ्ठ्या तर मोजाव्या लागतात. एवढ्या कागदांत एक ओळ मात्र सापडत नाही : याच बाजूला काही महिन्यांपूर्वी पुरळ उठले होते आणि घरच्यांनी नागीण उतरवून घेतली होती.

ती ओळ केसपेपरवर यावी आणि त्या पुरळावरचे औषध पहिल्या तीन दिवसांत रुग्णाच्या हाती पडावे, एवढ्यासाठी हे पत्र आहे. लिहिणारे आम्ही विदर्भाच्या ग्रामीण भागात काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि औषध निर्माण अधिकारी आहोत.

दुखणे नेमके कुठले ते आधी सांगतो. कांजिण्या होऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू, व्हॅरिसेला-झोस्टर, शरीर सोडत नाही. संवेदना वाहणाऱ्या नसांच्या मुळाशी पेशींचे पुंजके असतात, त्यांत तो वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेचा असा पुंजका कवटीच्या आत, तळाशी आहे. उतारवय, मधुमेह, निकामी होत चाललेले मूत्रपिंड, कॅन्सरवरची औषधे, एचआयव्ही, किंवा सांधेदुखीच्या नावाखाली खाल्लेल्या स्टेरॉइडच्या पुड्या, यांपैकी कशानेही प्रतिकारशक्ती ढिली पडली की विषाणू जागा होतो आणि त्याच नसेतून त्वचेकडे सरकतो. वाटेत नस सुजते, तिचे काही तंतू मरतात. म्हणून दुखणे आधी येते आणि पुरळ दोन-तीन दिवसांनी उठते. पुरळ दोन-चार आठवड्यांत खपल्या धरून जाते, पण जखमी नस मेंदूकडे वेदनेचे चुकीचे निरोप धाडत राहते. पुरळ उठल्यापासून तीन महिन्यांपुढेही हे चालू राहिले तर त्याला नागिणीनंतरची नसवेदना म्हणतात. साठीच्या पुढचे रुग्ण, सुरुवातीलाच असह्य दुखणारे रुग्ण आणि डोळ्याच्या फांदीवर म्हणजे कपाळ-पापणी-नाक या पट्ट्यात नागीण झालेले रुग्ण यांना तिचा धोका सर्वांत जास्त. नागिणीच्या शंभर रुग्णांत दहा ते वीस जणांची नागीण या पट्ट्यातली असते.

हा विषाणू कांजिण्यांनंतर शरीरातच दडून राहतो आणि तोच पुढे नागीण होऊन उठतो, ही मांडणी १९६५ मध्ये इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर या लहान शहरातल्या एका फॅमिली डॉक्टरने केली. एडगर होप-सिम्पसन यांनी आपल्या दवाखान्यात आलेल्या नागिणीच्या रुग्णांची सोळा वर्षांची नोंद त्यासाठी वापरली. आपल्या ओपीडी रजिस्टरमध्ये नागीण बहुधा 'त्वचारोग' म्हणून जाते, आणि सहा महिन्यांनी तोच माणूस 'डोकेदुखी' म्हणून परत येतो. दोन नोंदींचा एकमेकींशी काही संबंध राहत नाही. रजिस्टरमध्ये 'नागीण, चेहरा' असा वेगळा शब्द लिहायला पैसा लागत नाही. ई-औषधी प्रणालीत किती गोळ्यांची मागणी टाकायची याचा आधारही त्याच नोंदीतून मिळेल.

ओळखायची कशी? कुंकू लावतात त्या रेषेवर बोट ठेवा. चेहऱ्यावरची नागीण ती मधली रेष ओलांडत नाही. लालसर चट्ट्यावर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचे घोस एका बाजूच्या कपाळावर, वरच्या पापणीवर आणि केसांत शिरलेले दिसतात. केसांतले फोड तेलाखाली लपतात, म्हणून फणीने भांग पाडत पाडत टाळू पाहायला हवी. मानेच्या वरच्या नसांची नागीण तर डोक्याच्या मागच्या बाजूला, पूर्ण केसांतच असते. पापणी सुजून डोळा मिटला की घरचे म्हणतात गांधीलमाशी चावली. फवारणीच्या दिवसांत, ऑगस्ट ते ऑक्टोबर, दोष जातो अंगावर उडालेल्या औषधावर. दिव्याभोवती येणारा लांबट किडा त्वचेवर चिरडला गेला तरी आग होते आणि फोड येतात, पण ते जिथे रस लागला तिथे येतात, मधल्या रेषेचा मान राखत नाहीत आणि आधी दोन दिवस डोके दुखत नाही. पुरळ उठण्याआधीची एकतर्फी आग, मुंग्या, केस विंचरताना होणारा त्रास, "अर्धं डोस्कं भाजल्यावानी लागते" हे शब्द ऐकले की आशाताईंनी त्या घरी दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी पुन्हा डोकवावे, एवढे प्रशिक्षणात घालता येईल.

आता गोळ्यांचे, कारण सर्वांत मोठी चूक इथेच होते. ॲसायक्लोव्हिर हे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहे. मोठ्या माणसाच्या नागिणीला त्याची मात्रा ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. म्हणजे ८०० च्या ३५ गोळ्या. केंद्रात ४०० च्या असतील तर ७०, आणि २०० च्या असतील तर १४०. प्रत्यक्षात काय घडते? कपाटात २०० ची पट्टी असते, पट्टीवर किंवा आठवणीत 'दिवसातून पाच वेळा' असते आणि रुग्णाला २०० ची एकेक गोळी पाच वेळा दिली जाते. ती ओठांवरच्या साध्या हर्पिसची मात्रा आहे. नागिणीच्या विषाणूला ती पुरत नाही, एक चतुर्थांशच होते. रुग्ण म्हणतो औषध लागू पडले नाही, केसपेपर म्हणतो उपचार दिला. दोघेही आपापल्या जागी खरे, आणि नस मात्र उघडीच राहिली. ॲसायक्लोव्हिरचे मलम चोळूनही नागिणीला उपयोग होत नाही, ट्यूब देऊन पाठवणी करू नये.

पाच वेळा म्हणजे सकाळी ६, १०, दुपारी २, सायंकाळी ६ आणि रात्री १०. हे आकडे पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावेत, कारण मजुरीला जाणारा माणूस दुपारची गोळी घरी विसरतो. डबा-पाण्याबरोबर दोन गोळ्या बांधून न्या, असे सांगितले तर ती खाल्ली जाते. जिथे परवडेल आणि मिळेल तिथे व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम दिवसातून तीनदा, सात दिवस, ही सोपी मात्रा आहे. मूत्रपिंड अधू असेल तर दोन्ही औषधांची मात्रा कमी करावी लागते, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहावे. पण रिपोर्ट यायला दोन दिवस लागणार असतील तर पहिल्या गोळीसाठी थांबू नये. दिवसाला अडीच लिटर तरी पाणी पोटात गेले पाहिजे. ४५ अंशांच्या उन्हात घामाने सुकलेल्या शरीरात हे औषध मूत्रपिंडात साचून त्याला इजा करू शकते. म्हाताऱ्या माणसाला गोळ्या सुरू झाल्यावर गुंगी आली, तो असंबद्ध बोलू लागला, नसलेली माणसे दिसू लागली, तर घरचे बाहेरची बाधा समजतात. तो औषध शरीरात साचल्याचा इशारा असू शकतो. गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

पुरळ उठल्यापासून ७२ तासांत औषध सुरू व्हावे, असे सर्वत्र शिकवले जाते. आता हे ७२ तास गावात कसे जातात ते पाहा. शुक्रवारी संध्याकाळी फोड दिसले. शनिवारी नागीण उतरवणाऱ्याकडे. रविवारी ओपीडी बंद. सोमवारी सकाळी केंद्रात, तिथे २०० च्या वीस गोळ्या किंवा तालुक्याची चिठ्ठी. मंगळवारी तालुक्याला जायचे तर मजुरी बुडते, म्हणून बुधवार. ७२ तास सोमवारी संध्याकाळीच संपले. तरीही बुधवारी आलेल्या रुग्णाला 'उशीर झाला' म्हणून परत पाठवू नये, ही विनंती वैद्यकीय अधिकाऱ्यांना मुद्दाम करतो. नवे फोड अजून उठत असतील, डोळ्याचा पट्टा असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर ७२ तासांनंतरही औषध द्यायचे असते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. या गोळ्यांनी फोड लवकर सुकतात, सुरुवातीचे दुखणे कमी होते आणि डोळ्याची हानी बरीच टळते. मागे राहणारी नसवेदना त्यांनी हमखास टळते असा दावा आम्ही करत नाही, त्याबाबत अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. स्टेरॉइडच्या गोळ्या-सुयांनी मात्र ती टळत नाही, हे स्पष्ट झालेले आहे. तेव्हा 'सूज उतरावी म्हणून' डेक्सामेथासोनची सुई देण्याची खेडोपाडीची सवय इथे कामाची नाही आणि मधुमेहींना ती धोक्याची आहे.

डोळ्याबद्दल थोडे थांबून लिहितो. उपचार मिळाला नाही तर या पट्ट्यातल्या नागिणीत सुमारे निम्म्या रुग्णांच्या डोळ्याला काही ना काही इजा होते. नाकाच्या शेंड्यावर किंवा बाजूला फोड दिसला तर नसेची जी फांदी बुबुळाकडे जाते तीच धरली गेली असे समजावे. जोनाथन हचिन्सन यांच्या नावाने ही खूण दीडशे वर्षे शिकवली जाते. पण नाक स्वच्छ आहे म्हणून डोळा वाचला असेही नाही. डोळा लाल, उजेड सोसत नाही, अंधुक दिसते, यांपैकी एक जरी असले तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे, आणि ॲसायक्लोव्हिरची पहिली गोळी केंद्रातच गिळायला लावून मग गाडीत बसवावे. ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांकडे फ्लुरेसीन या रंगाची पट्टी आणि निळ्या उजेडाची बॅटरी असली तर बुबुळावरची जखम तिथेच दिसते. नेत्रतज्ज्ञाने पाहिल्याशिवाय स्टेरॉइडचे थेंब कुणीही घालू नयेत. बुबुळाची संवेदना गेलेल्या डोळ्यात कचरा गेला तरी कळत नाही. मळणीच्या धुळीत असा डोळा उघडा ठेवणारा माणूस फूल पडल्यावरच परत येतो, म्हणून फोड सुकले तरी काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी हवी.

कानात फोड आणि त्याच बाजूला तोंड वाकडे, असे दिसले तर ती चेहऱ्याच्या हालचालीच्या नसेची नागीण. तिला लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञ. मान ताठ, ताप, ग्लानी, किंवा नागिणीनंतरच्या आठवड्या-महिन्यांत अचानक एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, यांना १०८.

नागीण उतरवणाऱ्यांशी भांडण करण्याचा आमचा हेतू नाही. लोक त्यांच्याकडे जातात कारण दुखणे भयंकर असते आणि विळखा पूर्ण झाला की माणूस मरतो ही भीती पिढ्यान्‌पिढ्या बसली आहे. नस शरीराच्या एकाच बाजूला पसरते, त्यामुळे दोन टोके जुळत नाहीत, हे कपाळावरची मधली रेष दाखवून सांगितले की लोकांना पटते. विळखा न जुळताच पुरळ ओसरते, त्याचे श्रेय कुणालाही द्यावे. आम्ही दोनच गोष्टी मागतो : उतरवायला जाण्याआधी गोळी सुरू करा, आणि पापणीच्या आसपास चुना, गेरू, राख किंवा कुठलाही पाला लावू नका. चुन्याने बुबुळ भाजते. फोड स्वच्छ पाण्याने धुऊन, ओल्या सुती कापडाची घडी ठेवली तरी ठणका कमी होतो. खपल्या धरेपर्यंत फोडांतल्या पाण्यातून दुसऱ्याला कांजिण्या होऊ शकतात, म्हणून गरोदर बाई आणि तान्हे मूल यांपासून रुग्णाने तेवढे दिवस दूर राहावे. आणि तरुण माणसाला, किंवा एकालाच पुन्हा पुन्हा नागीण झाली, तर समजावून, संमतीने एचआयव्हीची तपासणी आणि सोबत रक्तातली साखर पाहावी.

आता ज्याचे पुरळ केव्हाच गेले आणि डोके राहिले, त्याच्याकडे वळतो. अशा रुग्णाला विचारायचा पहिला प्रश्न 'कधीपासून दुखते' हा नको, 'त्याआधी या बाजूला फोड आले होते का' हा हवा. मग कपाळ उजेडात आणून पाहा : एकाच बाजूला फिकट किंवा काळसर बारीक वण दिसतात. आपल्याकडे कापसाला तोटा नाही. सरकी काढलेल्या कापसाचा एक पुंजका घ्या आणि आधी चांगल्या बाजूच्या कपाळावरून, मग दुखऱ्या बाजूवरून हलकेच फिरवा. चांगल्या बाजूला गुदगुली, दुसऱ्या बाजूला चटका किंवा बधिरपणा आला तर निदान बहुतेक झाले. या तपासणीला मिनिटभर लागते आणि रुग्णाचा सीटी स्कॅनचा खर्च वाचतो. अर्धशिशी झटक्यांनी येते, ठणकते, मळमळ आणते, काही तासांत ते तीन दिवसांत जाते. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया या चेहऱ्याच्या नसेच्या दुसऱ्या दुखण्यात विजेचा झटका काही सेकंदांचा, बहुधा गाल-जबड्यात, आणि मध्ये पूर्ण आराम. नागिणीनंतरची आग मात्र मागे कायम जळत असते, तिच्यावर अधूनमधून कळा येतात.

डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड, पॅरासिटामॉल यांनी ही आग विझत नाही. ती सुजेची वेदना नाही, जखमी नसेची आहे. वेदनाशामक महिन्यातले पंधरा दिवस किंवा जास्त असे तीन महिन्यांवर चालू राहिले, तर त्या गोळ्यांचीच वेगळी डोकेदुखी जडते. मग एकावर दोन दुखणी होतात आणि मूत्रपिंड-जठराचे नुकसान वेगळे. 'नसांच्या ताकदीच्या' व्हिटॅमिन सुया नसवेदनेच्या औषधाची जागा घेत नाहीत.

कामाची औषधे दोन आहेत आणि दोन्ही स्वस्त. ॲमिट्रिप्टिलिन, रात्री ८ च्या सुमारास १० मिलिग्रॅम, आठवड्याला १० ने वाढवत २५ ते ५० पर्यंत. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण पाचव्या दिवशी औषध सोडतो. तोंड कोरडे पडते, शौचाला खडा होतो, उठताना चक्कर येते. काचबिंदू, प्रोस्टेटमुळे लघवी अडकणे, नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा हृदयाच्या ठोक्यांचा दोष असेल तर देऊ नये. विदर्भासाठी एक खास सूचना : या औषधाने घाम कमी येतो. एप्रिल-मे मध्ये दुपारी वावरात राबणाऱ्या माणसाला ते उष्माघाताकडे नेऊ शकते, तेव्हा मात्रा कमी ठेवा किंवा दुसरे औषध निवडा.

दुसरे गॅबापेंटिन. पहिल्या रात्री ३०० मिलिग्रॅम, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवसापासून तीनदा, आणि गरजेप्रमाणे पुढे वाढ. म्हाताऱ्यांना १०० पासून सुरुवात. मूत्रपिंड अधू असेल तर कमी मात्रा. झोप येते, तोल जातो, म्हणून सुरुवातीचे दिवस विहिरीच्या काठावर, मळणीयंत्राजवळ किंवा मोटारसायकलवर काम नको, आणि मोहाची असो की देशी, दारू अजिबात नको. अचानक बंद करू नये. मात्रा पुरेशी होण्याआधीच 'फरक नाही' म्हणून औषध बदलले जाते, ही इथली नेहमीची चूक.

रोज रात्री आग सहन करणारा माणूस झोप गमावतो आणि मग उमेदही. औषध देताना झोपेबद्दल आणि 'जगणे नको वाटते का' असे सरळ विचारावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक केसपेपरवर छापून टाकता येईल.

साठ्याचा हिशेब करून देतो. नागिणीचे प्रमाण जगभरच्या अभ्यासांत वर्षाला दर हजारी ३ ते ५ आढळते. ३०,००० लोकसंख्येच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात खालचा आकडा धरला तरी वर्षाला ९० रुग्ण, त्यांत डोळ्याच्या पट्ट्याचे ९ ते १८. सगळ्यांना पूर्ण मात्रा द्यायची तर ८०० च्या ३,१५० गोळ्या. एकदम तेवढ्या नसतील तर चेहरा, वय ५० च्या वर आणि कमी प्रतिकारशक्ती यांना प्राधान्य द्या, पण केंद्रात कधीही पाच पूर्ण संच, म्हणजे १७५ गोळ्या, आणि प्रत्येक उपकेंद्रात पहिल्या दोन दिवसांच्या १० गोळ्यांचे एक पाकीट असलेच पाहिजे. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने फोनवर किंवा ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवर वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून ते पाकीट रविवारीही उघडावे, असा लेखी आदेश आपण काढावा. तोंडी सूचनेवर कुणी ही जबाबदारी घेत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. राज्याकडून पुरवठा लांबला तर स्थानिक खरेदीची मुभा आणि जिल्हा नियोजन समितीचा निधी, हे दोन मार्ग आपल्या हातात आहेत. ॲमिट्रिप्टिलिन १० ची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रातच ठेवावी, तिच्यासाठी माणसाला दर महिन्याला जिल्ह्याच्या ठिकाणी यायला लावू नये.

लसीबद्दल थोडक्यात. पन्नाशीच्या पुढच्यांसाठी नागिणीची लस २०२३ पासून भारतात मिळते, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा. चाचण्यांत तिने ९० टक्क्यांच्या आसपास आणि त्याहून अधिक संरक्षण दिले. किंमत मजूर कुटुंबाच्या आवाक्यापलीकडची आहे, सरकारी लसीकरणात ती नाही. डायलिसिसवरचे आणि कॅन्सरचे उपचार घेणारे रुग्ण आपल्या जिल्ह्यांत मोजता येतील एवढे आहेत. त्यांच्यापासून सुरुवात करण्याचा प्रस्ताव आपण शासनाकडे पाठवावा.

फवारणीचा हंगाम सुरू झाला की लाल डोळा आणि भाजलेले कपाळ घेऊन येणाऱ्यांची गर्दी वाढते आणि नागीण त्यात हरवते. आदेश आणि पाकिटे जुलै संपण्याआधी उपकेंद्रांत पोहोचली, तर या वर्षीच्या रुग्णांना त्यांचा उपयोग होईल. पाकिटावर छापायचा मजकूर आणि कापसाच्या तपासणीची एका पानाची सूचना आम्ही मराठीत तयार करून देऊ, छपाईचा खर्च तेवढा कार्यालयाने करावा.

आपले विश्वासू,
विदर्भाच्या ग्रामीण आरोग्यसेवेतील काही डॉक्टर, परिचारिका व औषध निर्माण अधिकारी